हायब्रिड लिटरला २४, प्लग-इन ५४: या दोन आकड्यांची तुलना होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच गाडीचे दोन प्रकार समोर आहेत, साधी हायब्रिड आणि सॉकेटवर चार्ज करता येणारी प्लग-इन हायब्रिड. लेबलवरचे आकडे किलोमीटर-लिटरमध्ये बदलले तर पहिली २४ देते आणि दुसरी ५४. रोजचं जाणं-येणं मिळून ४० किमी, आठवड्याचे पाच दिवस, आणि शनिवार-रविवारी ४०० किमीची एक फेरी. चार्जिंगची सोय घरीच आहे. प्लग-इन दुपटीहून जास्त अ‍ॅव्हरेज देईल असं धरून चालायचं का?

नाही. ५४ हा आकडा खोटा नाही, पण तो पेट्रोलच्या लिटरचाही नाही.

हे आकडे २०२३ च्या टोयोटा प्रियसच्या अमेरिकन लेबलशी जुळतात, म्हणून हिशेब तिच्यावरच करू. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) चाचणीत साध्या प्रियसच्या सर्वात काटकसरी प्रकाराला ५७ एमपीजी, म्हणजे गॅलनला ५७ मैल, मिळाले. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, त्यामुळे एमपीजीला ०.४२५ ने गुणलं की किमी प्रति लिटर मिळतात: २४.२. (ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. ब्रिटिश परीक्षणातले एमपीजी याच गुणकाने बदलले, तर गाडी आहे त्यापेक्षा २० टक्के चांगली दिसते. ही चूक अगदी नेहमी होते.) प्लग-इन प्रियस प्राइमच्या एसई प्रकाराला १२७ मिळाले, पण ते एमपीजी नव्हेत, एमपीजीई. त्या शेवटच्या 'ई'चा अर्थ 'समतुल्य'. एक गॅलन पेट्रोल जाळल्यावर जेवढी उष्णता मिळते तेवढी ऊर्जा म्हणजे ३३.७ युनिट वीज, असं धरून विजेवरचं अंतर गॅलनमध्ये मांडलेलं असतं. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ८.९ युनिट.

गोम इथेच आहे. पेट्रोलमधली सगळी उष्णता चाकापर्यंत पोचत नाही. हायब्रिडमधलं चांगलं अ‍ॅटकिन्सन सायकलचं (काटकसरीसाठी बनवलेलं) इंजिनही साधारण ४० टक्केच उष्णतेचं काम करतं, उरलेली सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. मोटर आणि इन्व्हर्टर मिळून मात्र हातात आलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वापरतात. विजेच्या बाजूचं उष्णतेचं नुकसान वीजकेंद्रात आधीच होऊन गेलेलं असतं आणि एमपीजीईमध्ये ते मोजलं जात नाही. त्यामुळे ५४ या आकड्यावरून तुमच्या खिशाचा हिशेबही लागत नाही आणि धुराचाही. दोन पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या एकमेकींशी ताडायला तो ठीक आहे. पेट्रोल गाडीशी तुलना करताना तो बाजूला ठेवा.

त्याच लेबलवर आणखी एक आकडा असतो आणि तो फारसा कोणी वाचत नाही: बॅटरीतला चार्ज संपल्यानंतरचे ५२ एमपीजी, म्हणजे लिटरला २२. साध्या हायब्रिडपेक्षा कमी! साध्या प्रियसच्या बॅटरीत एक युनिटसुद्धा मावत नाही, प्राइमची बॅटरी १३.६ युनिटची आहे, आणि गाडीचं वजन सुमारे दीडशे किलोने जास्त आहे. चार्ज संपला की प्लग-इन ही थोडी जड, थोडी कमी देणारी हायब्रिडच असते.

आता हे सगळं '१०० किमीला किती' या भाषेत आणू, कारण लिटरला किती किलोमीटर हा आकडा तुलनेत फसवतो. गाडी १० वरून १५ वर गेली तर १०० किमीमागे ३.३ लिटर वाचतात. २० वरून ३० वर गेली तर वाढ दुप्पट दिसते, पण वाचतात जेमतेम १.७ लिटर. लिटरमधले आकडे बेरजेला आणि सरासरीला सरळ बसतात, किमी प्रति लिटरचे बसत नाहीत.

साधी हायब्रिड: १०० किमीला ४.१३ लिटर.
प्लग-इन, चार्जवर: १०० किमीला १६.५ युनिट.
प्लग-इन, चार्ज संपल्यावर: १०० किमीला ४.५२ लिटर.

साडेसोळा युनिट हा आकडा भिंतीतल्या सॉकेटवर मोजलेला आहे, म्हणजे चार्जिंगमधली गळती त्यात धरलेली आहे. गाडीच्या डिस्प्लेवर याहून कमी दिसेल, कारण ती बॅटरीतून किती गेलं एवढंच मोजते.

चार्जवरची रेंज ईपीएनुसार ४४ मैल, म्हणजे ७१ किमी. रोजचे ४० किमी त्यात आरामात बसतात. पाच दिवसांचे २०० किमी विजेवर. शनिवारच्या ४०० पैकी पहिले ७० विजेवर, उरलेले ३३० पेट्रोलवर. आठवड्याच्या ६०० किमीला ४४.६ युनिट आणि १४.९ लिटर. साधी हायब्रिड तेवढ्याच अंतराला २४.८ लिटर पिईल. म्हणजे ९.९ लिटर वाचवायला ४४.६ युनिट लागली, लिटरमागे साडेचार युनिट.

हा 'वाचलेल्या लिटरमागे किती युनिट' हाच आकडा सगळ्यात कामाचा आहे. तो वापराप्रमाणे बदलतो. फक्त रोजचं जाणं-येणं असेल तर ३३ युनिटांत ८.२६ लिटर वाचतात, म्हणजे लिटरमागे चार. शनिवारची फेरी ४०० ऐवजी ८०० किमीची केली तर युनिट तेवढीच राहतात, पण वाचलेलं पेट्रोल ८.३ लिटरवर येतं, कारण जास्तीच्या ४०० किमीमध्ये जड गाडी साध्या हायब्रिडपेक्षा जास्त पीत राहते. मग लिटरमागे ५.४ युनिट. आणि चार्जच केली नाही तर वाचायचं दूरच, दर १०० किमीला ०.३९ लिटर जास्त जातात. कंपनीकडून मिळालेली प्लग-इन आणि पेट्रोलचं बिलही कंपनीच भरतेय, अशा गाड्यांची चार्जिंग केबल डिकीत वेष्टनातच सापडते म्हणतात, ते उगाच नाही.

यानंतर भागाकार एकच. तुमच्याकडच्या एका लिटरच्या किमतीला एका युनिटच्या किमतीने भागा. उत्तर साडेचारपेक्षा जास्त आलं तर चालवण्याच्या खर्चात प्लग-इन स्वस्त, कमी आलं तर महाग. घरच्या युनिटाला हा भागाकार बहुधा चांगला मोठा येतो. सार्वजनिक चार्जरच्या दराने तो पुन्हा करून बघा, पुष्कळदा चित्र उलटतं. गाडीच्या खरेदी किमतीतला फरक अर्थातच वेगळा. तो वर्षाच्या बचतीने भागला की किती वर्षांत वसूल होईल ते कळतं.

डिस्प्लेवरच्या महिन्याच्या अ‍ॅव्हरेजला याच कारणाने फसू नका. समजा महिन्यात १,२०० किमी झाले, २४ लिटर पेट्रोल आणि ११० युनिट लागली. गाडी सांगेल, लिटरला ५०. विजेचा त्यात पत्ताच नाही. लिटरची किंमत युनिटच्या दहापट असेल तर ११० युनिट म्हणजे ११ लिटर, एकूण ३५, आणि पैशाच्या हिशेबात लिटरला ३४. किंमत चौपटच असेल तर ११० युनिट म्हणजे साडेसत्तावीस लिटर, आणि अ‍ॅव्हरेज येतं २३.३, साध्या हायब्रिडच्याही खाली. गाडी तीच, महिना तोच.

युरोपातले आकडे बघत असाल तर आणखी सावध राहा. तिथे सप्टेंबर २०१७ पासून जुन्या एनईडीसी या इंधन-चाचणीच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली. तिच्यात प्लग-इनचा चार्जवरचा आणि चार्जशिवायचा खप एका ठरलेल्या प्रमाणात मिसळून एकच 'भारित' आकडा छापतात. 'लिटरला ७०-८०' वगैरे दिसतं ते तिथून येतं. या प्रमाणाला उपयोग-गुणक म्हणू. रेंज जितकी मोठी तितका तो मोठा, आणि लोक नियमित चार्ज करतात असं त्यात गृहीत धरलेलं असतं. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमधल्या इंधन-मापकांची माहिती जाहीर केली. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्षातलं उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतं, प्लग-इनचं सुमारे साडेतीन पट. २०२५ पासून हा गुणक कडक झाला, आणि गाडीतला एक नट न बदलता कागदावरचा खप वाढला. म्हणून डब्ल्यूएलटीपीच्या कागदात 'भारित' शब्द दिसला की तो आकडा सोडून द्या आणि चार्ज टिकवून चालवतानाचा खप शोधा. गाडीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात तो वेगळा दिलेला असतो. एका गाडीचा ईपीए आकडा आणि दुसरीचा डब्ल्यूएलटीपी आकडा शेजारी ठेवणं तर नकोच. डब्ल्यूएलटीपी बहुतेक वेळा उदार असते.

प्रकार निवडतानाही बरोबरीचेच घ्या. प्रियसचे ५७ एमपीजी आहेत ते १७ इंची चाकांच्या प्रकाराचे. १९ इंची चाकांच्या वरच्या प्रकाराला ५२ च मिळतात. प्राइममध्येही तसंच: एसई १२७ एमपीजीई आणि ४४ मैल, तर मोठ्या चाकांची एक्सएसई ११४ आणि ३९ मैल. म्हणजे वजन दीडशे किलोने वाढवणारी बॅटरी जेवढं अ‍ॅव्हरेज खाते, तेवढंच मुख्यतः चाकं आणि टायर खातात. दिखाऊ रिमची हौस असेल तर जरूर घ्या, पण मग दोष बॅटरीला देऊ नका.

आणि 'हायब्रिड' या एका शब्दाखाली काय काय विकलं जातं तेही बघा. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड सहसा मोटरच्या एकट्याच्या जोरावर चालत नाही. ती इंजिनाला हातभार लावते, सिग्नलला बंद-चालू करते, आणि फायदा थोड्या टक्क्यांचाच असतो. पूर्ण हायब्रिडमध्येही रचना महत्त्वाची. निसानच्या ई-पॉवरमध्ये इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, चाकांशी त्याचा थेट संबंध नाही. शहरात हे झकास चालतं, हायवेवर मात्र सगळी ताकद आधी वीज आणि मग पुन्हा गती अशी दोनदा बदलते आणि तेवढी गळती होते. होंडाच्या ई:एचईव्हीमध्ये हायवेसाठी इंजिन थेट चाकांना जोडणारा क्लच आहे. टोयोटात प्लॅनेटरी गिअर ताकद दोन वाटांनी वाटून देतो. तुमचा प्रवास शहरातला की हायवेचा, यावर यातलं काय बरं ते ठरतं. हायब्रिडचा मोठा नफा ब्रेक मारताना वीज परत मिळवण्यात आणि कमी वेगात इंजिन बंद ठेवण्यात असतो. सलग १०० च्या वेगाने ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळवणार?

घेतल्यानंतर अ‍ॅव्हरेज पडतं ते कुठे?

पहिली जागा म्हणजे 'चार्ज' मोड. चालत्या गाडीत इंजिनाने बॅटरी भरायचा हा पर्याय फुकटच्या विजेसारखा वाटतो. इंजिन ते जनरेटर, जनरेटर ते बॅटरी, बॅटरी ते मोटर, प्रत्येक पायरीला दहा टक्के गेले तरी शेवटी ७३ टक्केच हाती येतात, आणि सुरुवात मुळात इंजिनाच्या ४० टक्क्यांपासून होती. पुढे शहरात विजेवरच चालवायची सक्ती असेल तर गोष्ट वेगळी. एरवी चार्ज राखायचा असेल तर 'होल्ड' मोड वापरा. तो आहे तेवढा चार्ज जपतो, नवा भरायच्या मागे लागत नाही.

लांबच्या प्रवासात बॅटरी कुठे खर्च करायची याचा थोडा विचार केला तर फरक पडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की तो १.८ पट होतो आणि चार्जवरची रेंज डोळ्यांदेखत उतरते. इंजिनाला मात्र हायवेवरचा एकसारखा भार मानवतो. म्हणून शहरातला टप्पा विजेवर, मोकळा रस्ता इंजिनावर. घरी किंवा मुक्कामी जिथे चार्जिंग आहे तिथे पोचताना बॅटरी रिकामी असू द्या. जपून आणलेले पाच युनिट म्हणजे वाटेत विनाकारण जाळलेलं सव्वा-दीड लिटर पेट्रोल.

थंडीत हीटर विजेवर चालत असेल तर त्याचा हिशेब एकदा करून बघा. चार किलोवॅटचा हीटर तासभर चालला की चार युनिट. शहरात ताशी ३० किमीने त्या तासात ३० किमीच होतात, म्हणजे १०० किमीला १३ युनिट नुसत्या उबेसाठी, गाडी ओढायच्या साडेसोळावर आणखी. हीट पंप असलेल्या गाडीत हे बरंच कमी लागतं. काही प्लग-इन गाड्या तर केबिन गरम करायला सरळ इंजिनच सुरू करतात, खरेदीआधी हे विचारून घ्या. उपाय सोपा आहे: गाडी प्लगला लावलेली असतानाच अ‍ॅपवरून केबिन गरम किंवा थंड करून घ्या, ती वीज भिंतीतून येते. एसीचं ओझं त्या मानाने हलकं. एकदा केबिन गार झाली की किलोवॅटभर लागतो.

चार्जवर चालवताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काही गाड्यांत थंड इंजिन क्षणभर जागं होतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, वर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला ते काही वेळ चालूच राहतं. दिवसातून चार वेळा असं झालं की 'मी तर विजेवरच चालवतो, मग टाकी कशी उतरली' हा प्रश्न पडतो. आणि घर चढावर असेल तर रात्री १०० टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घ्यायला जागाच नसते, सगळं ब्रेक पॅडवर जातं.

आता स्वतः मोजायची पद्धत. टायरमधली हवा गार असताना दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. सकाळी बॅटरी १०० टक्के असताना पंपावर जा, पहिल्या ऑटो-कटला नोझल थांबू द्या, वरून टॉप-अप नको, आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी तोच पंप, तीच बाजू, तोच पहिला कट, आणि बॅटरी पुन्हा १०० टक्के. कट अर्धा लिटर इकडेतिकडे होतो. ४० लिटरमध्ये ती सव्वा टक्क्याची चूक, ५ लिटरमध्ये १० टक्क्यांची. म्हणून तीन टाक्यांची बेरीज करूनच आकडा काढा. युनिट सॉकेटच्या बाजूने मोजा: वॉलबॉक्स (भिंतीवर बसवलेला चार्जर) असेल तर त्याची नोंद, नसेल तर सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये लावायचं ऊर्जामापक. ते सलग कित्येक तास १६ अँपिअर सोसणारं हवं. स्वस्तातली मापकं तासाभरात तापतात आणि प्लगची पिन काळी पडते. चार्जिंग शक्यतो जास्त अँपिअरवर करा. चार्ज होत असताना गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप समजा २०० वॅट घेत असतील, तर २३० व्होल्टला ८ अँपिअरवर ही गळती ११ टक्के होते, १६ वर निम्मी.

चार्ज संपल्यावरचा खप वेगळा मोजायचा असेल तर रेंज शून्य दाखवू लागल्यावर टाकी कटपर्यंत भरा, मध्ये चार्ज न करता किमान ३०० किमी चालवा, पुन्हा भरा. ओडोमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. टायरची नक्षी ८ मिमीवरून २ वर आली की चाकाची त्रिज्या जवळपास २ टक्क्यांनी घटते आणि गाडी तेवढे जास्त किलोमीटर दाखवते. नव्या टायरनंतर 'अ‍ॅव्हरेज पडलं' या तक्रारीचा एक भाग हाच असतो.

शोरूमच्या १५ किमीच्या टेस्ट ड्राइव्हवरून मात्र काहीच ठरवू नका. प्लग-इनच्या भरलेल्या बॅटरीत तीन लिटर पेट्रोलएवढं अंतर दडलेलं असतं. तेवढ्या फेरीत ती शून्य पेट्रोल दाखवेल नाहीतर, बॅटरी रिकामी असेल तर, तिच्या सर्वात वाईट रूपात दिसेल.

सेकंडहँड प्लग-इन घ्यायची असली तरी हिशेब हाच. बॅटरी उतरून रेंज ७० ची ६० झाली असेल तर तुमच्या रोजच्या ४० किमीवर काहीच परिणाम नाही. शनिवारच्या फेरीत दहा किमी विजेऐवजी पेट्रोलवर जातील, म्हणजे आठवड्याला अर्धा लिटरही जास्त नाही. रेंज ४० च्या खाली गेली की मात्र रोज संध्याकाळी घरी येताना इंजिन सुरू होईल. तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी गाडी रात्रभर चार्ज करून ठेवायला सांगा आणि इंजिन कितव्या किलोमीटरला लागतं ते स्वतः चालवून बघा.